पातळ सोलचे बूट आणि अण्णांची चाल

दोन वर्षांपूर्वी माझी डावी टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की पहिली दहा-बारा पावलं टाचेत खिळा रुतल्यासारखं वाटायचं, मग हळूहळू सैल पडायचं. मी राहायला धाराशिवला आणि शिकवायला बेंबळीच्या शाळेत. विषय विज्ञान. दिवसभर फरशीवर उभं राहायचं काम. डॉक्टरांनी पोटऱ्या ताणायचे व्यायाम दिले आणि मऊ, जाड सोलचे बूट वापरायला सांगितले. दोन्ही केलं. पाच-सहा महिन्यांत दुखणं बरंच उतरलं.

माझी मुलगी सोलापूरला फिजिओथेरपी शिकते. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं मला अनवाणी उभं केलं आणि म्हणाली, "बाबा, बाकीची बोटं जमिनीवर ठेवून नुसता अंगठा उचला."

मी उचलायला गेलो तर पाचही बोटं एकदम वर आली. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी एकही बोट हललं नाही, फक्त भुवया वर गेल्या. स्वतःच्या पायाचा अंगठा आपलं ऐकत नाही, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. मुलीचं म्हणणं असं की बुटात बांधून ठेवलेल्या पायाला काही कामच उरत नाही, म्हणून त्याचे बारीक स्नायू सुस्तावतात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हे शिक्षकखोलीत सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून सगळ्यांनीच चपला-बूट काढले. गणिताच्या सरांचा उजवा अंगठा उठला, डावा उठेना. चित्रकलेच्या बाईंचे दोन्ही उठले. आम्ही सहा जण माना खाली घालून आपापल्या पायांकडे टक लावून बसलेले असताना मुख्याध्यापक आत आले. काय चाललंय ते त्यांना सांगितलं. त्यांनी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि मोजे काढायला लागले.

मग मुलीनं मला बूट मागवून दिले. पातळ सोलचे, टाच अजिबात न उचललेले, पुढून बदकाच्या पायासारखे पसरट. त्यांची पोळीसारखी गुंडाळी होत होती. बायकोनं ते हातात घेऊन उलटेपालटे केले आणि विचारलं, "अहो, हा बूट आहे का बुटावर चढवायची पिशवी?"

पहिल्या दिवशी ते घालून गल्लीत निघालो आणि शंभर पावलांतच गुंगून गेलो. ज्या गल्लीत मी पंधरा वर्षं राहतोय ती गटाराच्या बाजूला उतरती आहे, हे पहिल्यांदा कळलं. डांबर संपून सिमेंट कुठं सुरू होतं ते न बघता सांगता येत होतं. खडी टोचायची, पण ते टोचणं वाईट नव्हतं. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसं काहीसं वाटत होतं.

मुलीनं रोज दहाच मिनिटं घालायला बजावलं होतं. चौथ्या दिवशी मी ते घालून तासभर चाललो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की घराचा जिना मी कठडा पकडून, पाठमोरा होऊन उतरलो. फोनवर तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं की विद्यार्थ्यांनी तुमचं असं ऐकलं नाही तर तुम्ही काय करता. पुढचा आठवडा मी ते बूट हातात घेतले नाहीत, आणि त्यानंतर मात्र घड्याळ लावून दहा मिनिटंच चालायला लागलो.

महिन्याभरानं माकणीला, आमच्या गावी गेलो. तिथं वडील असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जन्मभर शेती केली, तीही बहुतेक अनवाणीच. गावात जायचं असलं तर चपला घालणार, रानात पाऊल टाकलं की त्या बांधावर ठेवणार. इतकी वर्षं त्यांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते, पण मी ते नीट बघितले ते त्या दिवशी. बोटं पंख्यासारखी फाकलेली, मधे फटी. मी त्यांना अंगठा उचलायला सांगितलं. त्यांनी अंगठा उचलला, तो खाली ठेवून करंगळी उचलली आणि पुढं काय म्हणून माझ्याकडे बघितलं.

जाड बूट घरी काढून ठेवून मी पातळ बूट घातले आणि आम्ही दोघं हरभऱ्याच्या रानातून गावाजवळच्या धरणाच्या पाण्याकडं निघालो. पाणी मागं हटलेलं होतं आणि काठाला ओला गाळ होता. तिथं मी बूट काढून अनवाणी चाललो आणि मागं वळून आमच्या पावलांचे ठसे बघितले. अण्णांची पाचही बोटं वेगवेगळी उमटली होती. माझ्या ठशात अंगठा होता, टाच होती, करंगळीचा पत्ताच नव्हता. त्यांना विचारलं, चालताना तुम्ही नेमकं काय करता? हा प्रश्न त्यांना कुणी कधी केला नसावा. थोडं चालून, स्वतःच्याच पायांकडं बघून त्यांनी सांगितलं, "टाच आपटायची न्हाय. पाऊल ठिवायचं, खाली काय हाय ते बघायचं, मगच भार द्यायचा."

येताना पुन्हा बूट घालून मी तसंच करायला गेलो, पण बोलण्याच्या नादात भार आधीच दिला. बाभळीचा काटा सोल भेदून तळव्यात घुसला. अण्णांनी मला बांधावर बसवलं, माझा बूट उतरवून पाय मांडीवर घेतला आणि नखानं काटा काढला. पाय तसाच हातात धरून ते म्हणाले, "माजी बी टाच दुखती. दीड वरीस झालं."

सगळं विचारलं तेव्हा कळलं की घरात शहाबादी काढून चकचकीत फरशी बसवली, तेव्हापासून सकाळी उठताना दुखतं. रानात काही त्रास नाही. सांगितलं का नाही, तर म्हणाले, "तुजी दुखत व्हती की. म्या कशाला त्यात भर घालू?" जे पाय बघून मी दुपारभर हरखलो होतो, तेच पाय दीड वर्ष कुरकुरत होते आणि मला पत्ता नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी माझे जाड बूट मागून घेतले. पाय आत गेला, पण पुढं बोटं दाटली. कसाही सरकवला तरी करंगळी चेपायचीच. मग त्यांनी कातर आणून, माझ्याकडं एकदा बघून, दोन्ही बुटांची नाकं कापून टाकली. बोटं बाहेर काढून ओसरीवर दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "गादीवर चालल्यावानी वाटतंय. लई मऊ हाय रे हे."

मुलीला फोन करून हे सगळं सांगितलं. मला भीती होती की ती अण्णांच्या इतक्या कसलेल्या पायांना मऊ बूट नको म्हणेल. ती म्हणाली, घरात फरशीवर घालू द्या, दुखणं थांबणं महत्त्वाचं आहे, आणि आधी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या आठवड्यात दाखवलं. माझे होते तेच व्यायाम त्यांनाही दिले. आता त्यांचं दुखणं निम्म्यावर आलंय. माझा डावा अंगठा एकटा उठतो, उजवा अजून शेजाऱ्याला सोबत घेऊनच उठतो.

महिन्यातून दोनदा मी माकणीला जातो. अण्णा कापलेले बूट घालून रानापर्यंत येतात, तेव्हा माझ्यासारखीच टाच टेकवत चालतात. बांधावर बूट काढतात आणि थोड्याच वेळात त्यांची चाल पार बदलते. ती कितव्या पावलाला बदलते हे बघायला मी मुद्दाम मागं राहतो, पण अजून ते पाऊल मला नेमकं पकडता आलेलं नाही.