मायचं मचाण

पांढुर्ण्याच्या फलाटावर गाडी यायला दहा मिनिटं होती, आणि मायने माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. भरदिवसा, सगळ्यांच्या देखत. ती संत्र्याच्या मंडीतून, कामावरूनच आली होती. हातांना सालीचा वास येत होता. "देवा, माही पोरगी पुण्याले चालली. इले सांभाळजो. गाडी चालवणाऱ्याले सांभाळजो. इच्या बाजूले जो बसन त्याले चांगली बुद्धी देजो." शेजारी चहावाला किटली घेऊन थांबला, तर मायने त्याच्या लेकराबाळांनाही प्रार्थनेत घेतलं. मी डोळे मिटलेच नव्हते. कोण कोण बघतंय ते पाहत होते. "माय, हळू," मी दोनदा म्हणाले. आमेनपर्यंत तिने आवाज काही कमी केला नाही.

त्याला आता बारा वर्षं झाली. हे मी तिकडे राहिलेल्या माझ्या माणसांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे पोटामागे पांगले त्यांच्यासाठीही. आपल्याकडे ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. तरी मायला तुमच्यातले पुष्कळ जण ओळखतात, कारण कुणाचं लेकरू तापाने फणफणलं की प्रार्थनेसाठी तिला निरोप यायचा. फळ निवडून पेट्या भरणाऱ्या बायांमध्ये ती एकटीच ख्रिस्ती. दुपारी भाकरी सोडल्या की त्याच म्हणायच्या, "सांग व एखादी गोष्ट." त्यात हिंदू बाया होत्या, बौद्ध बाया होत्या. आमच्या प्रार्थनासभेला चला, असं माय कधी कुणाला म्हणाली नाही. "मले जे भेटलं ते सांगतो. घ्याचं तं घ्या, नाही तं भाकर खा," म्हणायची.

मायला वाचता येत नाही. शास्त्रातले दाखले, म्हणजे बायबलातल्या बोधकथा, तिने कानांनी उचलले आणि उचलताना आपल्या मातीत लावले. बापाला सोडून गेलेल्या धाकट्या पोराचा दाखला तिचा खास आवडीचा. त्यात तो पोरगा सगळं उडवून बसतो आणि उपाशीपोटी जनावरापुढची सरकीची ढेप खातो. इकडे त्याचा बाप रोज संत्र्याच्या बगीच्यातल्या मचाणावर चढून रस्ता बघतो. आता शास्त्रात ढेप नाही, शेंगा आहेत. आणि मचाण तर अजिबातच नाही; पोरगा परत येताना बापाला दुरून दिसला आणि बाप धावत गेला, एवढंच आहे.

मी नववीत होते तेव्हा आमच्या घरी सभा होती. पास्टर आले होते आणि मंडीतल्या चार बाया आपणहून पहिल्यांदाच आल्या होत्या. माय रंगात येऊन सांगत होती, आणि मी सगळ्यांसमोर तिला अडवलं. "माय, ढेप नाही, शेंगा. आन् मचाण कुठं लिवलं आहे?" मी शाळेत पहिली येत होते ना. मायने माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मंग त्याले पोरगा दुरून दिसला कसा?"

खरं तर उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. माझे बाबा मोहगावच्या बाजूला दुसऱ्याचा बगीचा राखायचे. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन निघाले की मचाणावरून त्यांना मी नुसत्या चालीवरून ओळखू यायची. मी पोचेपर्यंत ते खाली उतरून, हात धुऊन वाटेवर उभे असायचे. तरीही त्या दिवशी मी मान वर करून बसले. मायने पुढची गोष्ट सांगितली नाही, चहा टाकायला उठली. मला वाटलं, आता ही सुधारली. पुढच्याच आठवड्यात मंडीत गेले तर बाई पुन्हा गोष्टीतल्या मचाणावर.

ती मोकळी राहिली, अडकले मी. तिच्या चुका काढायला मनात जो मास्तर मी नेमला होता, तो माझ्याच मानगुटीवर बसला. पुण्यात लॅबमध्ये नोकरी लागली, चर्च सापडलं, गाणाऱ्यांमध्ये जागाही मिळाली. पण रविवारी साक्ष द्या म्हटलं, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगा, की मी गाण्याची वही चाळत बसायची. एकदा तीन पानं लिहून काढली. एक वाक्य कच्चं वाटलं म्हणून तिन्ही फाडली. लॅबमध्ये तर मी ख्रिस्ती आहे हे लोकांना नाताळच्या केकमुळेच कळायचं. आपल्याला पुरतं येत नाही ते दुसऱ्याला काय सांगायचं, असं मी मनाला समजावत होते. खरं सांगायचं तर भीती होती, आणि तिला मी नम्रता म्हणत होते.

आमच्या मजल्यावर समोर नलूकाकू राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा भांडून गेला, दोन वर्षं फोनसुद्धा नाही. काकू संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून सोसायटीच्या गेटकडे बघत असतात. गेल्या महिन्यात त्या विरजण मागायला आल्या आणि मी दिलेली वाटी हातात घेऊन तिथेच बसल्या.

"आज त्याचा वाढदिवस," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक प्रार्थना करता ना? मग मला सांग, ज्याने आईला टाकलं, त्याला तुमचा देव काय करतो?"

मास्तर लगेच उठून उभा राहिला: नीट येतं का तुला? चुकलीस तर? उद्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, की ही बाई धर्म शिकवते? पास्टरांचा नंबर देते, असं म्हणायला मी तोंड उघडलंही. काकू उत्तराची वाट बघत होत्या. तेवढ्यात उघड्या दारातून मला त्यांची गॅलरी दिसली, आणि फलाटावरची माय आठवली.

"काकू, आमची माय एक गोष्ट सांगते," मी म्हणाले. आणि मचाणासकट सांगितली. बोलता बोलता माझी भाषा पुण्याची राहिली नाही. "बाप रोज चढे, रोज पाहे," असं आपलंच सगळं तोंडात येत गेलं. पोरगा दुरून येताना दिसला आणि म्हातारा धावला, इथे काकूंनी मला थांबवलं.

"रोज चढायचा?"

"रोज."

"गुडघे दुखत असतील त्याचे," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मग मी त्यांचा हात धरून प्रार्थना केली. मोठ्याने, जन्मात पहिल्यांदा. वाक्यं मोडली, मुलाचं नावही एकदा चुकलं. मी आमेन म्हणायचं विसरले, तेव्हा काकूंनीच हळूच विचारलं, "संपली का गं?"

मुलाचा फोन अजून आलेला नाही. काकूंच्या देव्हाऱ्यात दिवा रोज लागतो आणि तो लागावा. पण त्या रात्री मी समाधानाने झोपले आणि सकाळी उठल्या उठल्या मायला फोन लावला. सगळं सांगितलं. नववीतल्या त्या दिवसाची माफीही मागितली.

"ते तं मले आठवूनही नाही राहिलं," माय म्हणाली. खोटं बोलत होती, मला कळलं. मग तिने विचारलं, "ढेप सांगतली का?"

"नाही वं. ते राहूनच गेलं."

"मंग अर्धीच सांगतली न. तो उपाशी होता हे नाही समजलं, तं घर काय असते ते तिले कसं समजन? जाय पुन्हा."

बाबा आता नाहीत आणि तो बगीचाही दुसऱ्याच कुणाच्या राखणीत आहे. घर म्हणजे पांढुर्णा, आणि ते मागे राहिलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता वाटतं, आपण दिसायच्या आधीपासून कुणीतरी रस्त्याकडे बघत उभं असतं, ते घर. ते मला बाबांनी दाखवलं आणि मायने सांगितलं. मी मात्र त्यातली मात्रा-वेलांटी तपासत बसले.

त्याच दिवशी संध्याकाळी वाटी परत घ्यायच्या निमित्ताने मी काकूंच्या दारात गेले. त्या गॅलरीत होत्या. मीही शेजारी जाऊन उभी राहिले.

"काकू," मी म्हणाले, "त्या पोराने काय खाल्लं, ते सांगायचं राहिलं."