मासोळीचा छाप

माझं लग्न होऊन मी भंडाऱ्याला आले तेव्हा सासरी पितळी भांड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची शेड आणि चार कारागीर. पाणी भरायचा पितळी गुंड तयार झाला की सासरे, म्हणजे आमचे मामाजी, त्याच्या बुडाला मासोळीचा छाप ठोकत. दुकानाचं नाव वाचता न येणाऱ्या बायाही बाजारात ‘मासोळीवाला गुंड’ मागत.

एकदा पवनीची एक बाई गुंड घेऊन दुकानात आली. पोरीच्या आंदणात दिलेला, महिन्याभरातच सांध्याला गळू लागलेला.

मामाजींनी तो हातात तोलला. पत्रा पातळ होता. “हा माल आमचा नाही, बाई.”

“मंग मासोळी कोनाची हाय?” ती म्हणाली. “तेच पाहून त घेतला, भाऊ. पोरीच्या सासरी माही मान खाली गेली.”

मामाजींनी आतून नवा गुंड आणून तिच्यापुढे ठेवला. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. “चोरी दुसऱ्यानं केली अन् बाई जाब विचाराले माह्याकडं आली,” एवढंच मला म्हणाले.

माझ्या नवऱ्यानं शोध काढला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्यानं तसाच ठसा करून घेतला होता. हे त्याला भेटायला गेले, तर तो हसून म्हणाला, “मासोळी काय तुमच्या एकट्याची हाय का? वैनगंगेत पायजे तेवढ्या हायत.”

नागपूरच्या वकिलांनी सांगितलं, ट्रेडमार्कची नोंदणी करा. पण त्या व्यापाऱ्याला आत्ता थांबवायचं तर छाप आधीपासून तुमचाच आहे हे दाखवावं लागेल. आमच्याकडे जुन्या पावत्या नव्हत्या. सगळा धंदा तोंडी.

चिंचेनं भांडी घासताना मला सुचलं. लग्नातल्या भांड्यांवर नावं आणि सालं कोरलेली असतात. मी मामाजींना म्हटलं, “आपल्या पावत्या लोकायच्या घरी आहेत.”

ते स्वतः पवनीला गेले. त्या बाईनं आपल्या लग्नातला गुंड काढून दिला. त्यावर तिच्या वडिलांचं नाव, साल, आणि बुडाला मासोळी. मग तिनंच शेजारच्या घरांतून आणखी भांडी मागून आणली. “वापस आणून द्यान, भाऊ,” तेवढं मात्र प्रत्येकीनं बजावलं.

पोत्यांत भरून भांडी नागपूरला गेली. वकिलांनी नोटीस पाठवली. व्यापाऱ्यानं थोडे आढेवेढे घेतले आणि मासोळी सोडून कमळ ठोकायला लागला. त्याचं कमळही पुढं बरं चाललं, असं ऐकलं. भांडी मामाजींनी ज्याची त्याला घरपोच केली.

नोंदणीचा कागद यायला काही वर्षं गेली. तोवर घरोघरी स्टील शिरलं होतं आणि आमच्या शेडमध्ये दोनच कारागीर उरले होते. ह्यांनी कागद वाचून दाखवला. मामाजींनी विचारलं, “आता कोनी आपली मासोळी घेणार नाही?”

“घेतली तर कोर्टात जाता येते.”

“अन् आपणच पत्रा पातळ लावला त?”

ह्यांनी कागदाची घडी घातली. “त्याचं यात काही लिहिलेलं नाही, बाबा.”

मामाजींनी मान हलवली आणि ते शेडकडे गेले.