पत्रातला कापूस

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या प्रेसखान्यात मी दीड हंगाम गाठी मोजल्या. काम अवघड नव्हतं. गाठ प्रेसमधून बाहेर आली की तिच्यावर छाप मारायचा आणि वहीत रेघ ओढायची. अडचण होती ती रुईची. ती हवेत तरंगायची, नाकात जायची, भाकरीवर बसायची. कचेरीची खोली अंगणापलीकडे होती. तिथे एक खुर्ची रिकामी होती आणि खिडकीला जाळी होती. मी स्पॅनिश का शिकलो, या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

वाशीममधलं हे जिन एका जमीनदार घराण्याचं होतं. मालकांचं व्यापाराचं सूत्र एकच होतं, गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत बोलावं. मारवाड्याशी ते मारवाडी बोलत, मोटारवाल्यांशी उर्दू, गाडीवानांशी वऱ्हाडी. मुंबईच्या अडत्याला वगळून स्पेनमधल्या एका गिरणीला थेट रुई विकायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा अडचण आली. इंग्रजी पत्रांना उत्तरं येत, पण उशिरा आणि तुटक.

एका सकाळी मालक अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या स्पेनवाल्याची भाषा येते का रे कोनाले?"

हमाल हसले. मी हातातली वही खाली ठेवली.

"येते," मी म्हणालो. "लिहिण्यापुरती."

"तुले? कुठं शिकला?"

"पुस्तकातून."

हे उत्तर खरं ठरायला अकरा दिवस लागले. मुंबईहून व्ही.पी.नं पुस्तक यायला तेवढा वेळ गेला. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर स्पॅनिश, असे व्यापारी पत्रांचे साठ नमुने त्यात होते. शेवटी बारीक टाइपात शब्दकोश होता. पुस्तकाबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. फक्त त्यातला व्यापारी दारू विकत होता.

साठही पत्रं द्राक्षाच्या दारूची होती. पिंपं पाठवली, पिंपं पोचली, पिंपं गळली. मी दारूच्या जागी कापूस लिहिला आणि पिंपाच्या जागी गाठ. यापलीकडे हात लावण्याची माझी तयारी नव्हती. वाक्यातली एक वीट काढून दुसरी बसवता येत होती, भिंत नव्यानं बांधता येत नव्हती. त्यामुळे आमच्या पहिल्या पत्रात असं गेलं की, यंदाचा कापूस रंगानं उत्तम उतरला असून त्याचा सुगंध दोन हंगाम टिकतो. दुसऱ्यात गेलं की, आमचा कापूस थंड तळघरात ठेवल्यास आंबत नाही. यात असत्य काही नव्हतं. आमचा कापूस कुठेही ठेवला तरी आंबत नसे.

उत्तरं लवकर येऊ लागली. लांबलचक आणि स्पॅनिशमध्ये. मागण्याही येऊ लागल्या. मी कचेरीतल्या खुर्चीवर बसलो.

प्रत्येक पत्राचा मराठी मजकूर मालक माझ्याकडून वाचून घेत. गिरणीकडून आलेलं पत्र मी शब्दकोशाच्या मदतीनं जमेल तसं प्रामाणिकपणे सांगे. आपलं पत्र सांगताना मात्र मी पुस्तकातला सुगंध वगळी. एकदा गिरणीच्या पत्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे शेवटी बारीक अक्षरात काय असते नेहमी?"

"आपला हात चुंबणारा सेवक," मी सांगितलं.

"कोनाचा हात?"

"तुमचा."

मालक स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मी खुलासा केला की आपण जसं साष्टांग नमस्कार लिहितो, तसंच हे. लिहिणारा काही जमिनीवर आडवा पडत नाही. ते मान हलवून गेले. खुलासा त्यांना पटला नव्हता, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या हंगामात मुंबईहून इंग्रजीत तार आली. गिरणीचा रुई खरेदी करणारा माणूस मुंबईला आला आहे, गुरुवारी वाशीमला पोचेल, माल पाहील. त्याला स्पॅनिश आणि फ्रेंच येतं, इंग्रजी येत नाही. शेवटचं वाक्य होतं: आपल्या स्पॅनिश लेखकाला भेटण्याची त्याची विशेष इच्छा आहे.

तोवर मी स्पॅनिशचा एकही शब्द कानानं ऐकलेला नव्हता.

ही बातमी सर्वांत आधी वजनकाट्यावरच्या चाचांना कळली. चाचा गावातल्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घरातले. वय साठीच्या पुढे, काम रुईची पारख. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढली की ती कोणत्या गावच्या शिवारातली ते सांगत.

"काहून बाबू, चेहरा उतरून राह्यला? तुह्या सासरचे येऊन राह्यले म्हने."

"चाचा, मला बोलता येत नाही ती भाषा."

"मंग दोन साल काय लिवत होता?"

मी सांगितलं. दारूचंही सांगितलं. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "मालकाच्या गळ्यात तुळशीची माळ हाय. मी काई आयकलं नाई," ते म्हणाले. नंतर दिवसभर मला पाहिलं की ते तोंड फिरवून हसत होते. मी तीन दिवस नमुना पत्रं मोठ्यानं पाठ केली. दुसरा उपाय सुचला नाही. खुर्ची गेली तर समोर प्रेसखाना होता आणि त्याचं दार कचेरीतून सरळ दिसत असे.

गुरुवारी अकोल्याची भाड्याची मोटार मेडशी, मालेगाव करत दुपारी आली. पाहुणा धुळीनं पांढरा झाला होता. ठेंगणा, डोक्यावर टोपी, खिशात भिंग. मालक पुढे झाले आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या दोन्ही मुठींत रुई आहे. हात मोकळा नसला म्हणजे कोणी त्याचं चुंबन घेऊ शकत नाही, असा त्यांचा हिशेब होता. पाहुणा जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन तास, त्यांनी मुठी उघडल्या नाहीत.

पाहुणा माझ्याकडे वळून भरभर काही बोलला. मला त्यातलं काहीही कळलं नाही. मी नमुना क्रमांक एक सुरू केला. "माझे अत्यंत महाशय, आपलं चालू महिन्याच्या चार तारखेचं कृपापत्र हाती आलं, आणि त्यातील मजकुराची नोंद घेतली."

चार तारखेला कोणतंही पत्र आलेलं नव्हतं.

 पाहुण्यानं टोपी काढून छातीशी धरली. मग एकेक शब्द सुटा करत तो बोलू लागला आणि मी ते ओळखलं. तो नमुना क्रमांक दोन होता, त्या पत्राचं उत्तर. त्यावर मी तिसरा म्हटला. त्यानं चौथा म्हटला. त्याचे डोळे ओले झाले होते. मला वाटलं, धुळीनं.

"पाहा," मालक हमालांना म्हणाले, "कसे बोलून राह्यले दोघं! जसे एका गावचे."

रुईच्या ढिगाशी पोचल्यावर नमुने संपले. पाहुण्यानं रुईचा झुपका उचलला, ओढला, भिंगातून पाहिला आणि लांबलचक काही बोलला.

"काय म्हनते?" मालकांनी विचारलं.

"माल पसंत आहे म्हणतात," मी म्हणालो.

नेमका त्याच क्षणी पाहुणा नकारार्थी मान हलवत होता.

चाचा पुढे आले. पाहुण्यानं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून रुईतून एक काळा कण काढला आणि चाचांच्या तळहातावर ठेवला. चाचांनी तो उजेडात धरला. "पसंत नाई म्हनून राह्यला तो. सरकी फुटून राह्यली. दोन नंबरच्या मशीनचं पातं खराब झालं. मी पंधरा रोजापासून सांगून राह्यलो, पन आपल्या भाषेत सांगतलेलं कोन आयकते!"

चाचांनी पाहुण्याला दंडाला धरून दोन नंबरच्या मशीनकडे नेलं. पाहुण्यानं पात्यावरून बोट फिरवलं. चाचांनी तीन बोटं दाखवली, मग तळहात आडवा केला: तीन दिवसांत पातं बदलतो. पाहुण्यानं मान डोलावली. पाव तास हे चाललं. या अवधीत स्पॅनिश भाषेची गरज पडली नाही, ही नोंद करणं भाग आहे.

निघताना पाहुण्यानं माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. चाचांना कपाळाला हात लावून सलाम केला. मालकांना वाकून नमस्कार केला. मालकांच्या मुठींतून रुई बाहेर आली होती.

मोटार गेल्यावर मालकांनी मुठी झटकल्या आणि ते दोन नंबरच्या मशीनकडे गेले. पुढचे सात आठवडे त्यांनी या भेटीचा विषय काढला नाही. खुर्ची माझ्याखाली होती, पण मी तिच्यावर टेकून बसत नव्हतो.

मग पत्र आलं. त्याचा अर्थ लावायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मालकांनी चाचांना कचेरीत बोलावून घेतलं आणि म्हणाले, "वाच."

मी पहिला परिच्छेद वाचला. माल घेणार आहेत. दुसरा वाचला. पातं बदलल्यानंतरची रुई असावी, आणि प्रत्येक नमुना त्या वृद्ध गृहस्थांच्या हाताखालून गेलेला असावा. चाचा गालात हसले. मी कागदाची घडी केली.

"थांब." मालकांनी घडी उलगडली आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "ह्या सात ओळी राह्यल्या."

त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. ओळी मोजता येत होत्या. बोट तिथून हललं नाही. मी वाचलं.

"तुमच्या लेखकाला स्पॅनिश येत नाही. त्याला एका दारूच्या व्यापाऱ्याची पत्रं तोंडपाठ आहेत; तीच आम्हीही शाळेत घोकली होती. त्याची पत्रं आमच्या कचेरीत दर शनिवारी मोठ्यानं वाचली जातात. वऱ्हाडचा कापूस भाजलेल्या मासळीबरोबर विशेष रुचकर लागतो, ही माहिती आम्हाला त्याच्याकडूनच मिळाली. कृपा करून त्याला दूर करू नये, आणि त्याचं पुस्तक बदलू नये."

 मालकांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"मासळी?" ते म्हणाले. "माह्या सहीखाली?"

"भाजलेली," चाचा म्हणाले, आणि त्यांना खोकला येईपर्यंत हसू आलं.

"तुमाले मायीत होतं, चाचा?"

"मले दारूचं मायीत होतं. मासळीचं नाई. देवाशपथ."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, प्रेसखान्यातली वही कोणाकडे आहे ते सांगावं.

"बस खाली," मालक म्हणाले. "तुले बोलता येत नाई, हे मले तवाच समजलं. तो बोलत होता तं तू त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. चाचा हाताकडं पाहत होते." त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "पन वाचलं तू. सातवी ओळ बी वाचली. यापुढं पाहुना आला तं चाचा बोलतीन. तू लिव. अन् त्यायले खरं काय ते कळव."

खरं काय ते कळवण्यासाठी पुस्तकात नमुना शोधावा लागला. तो छप्पन्नावा निघाला. दारू आंबट निघाल्याची तक्रार आल्यावर व्यापाऱ्यानं लिहिलेलं उत्तर होतं ते. आपल्याकडे पोचलेला माल चिठ्ठीवर लिहिला होता तसा नव्हता, याचं आम्हाला दुःख आहे. तो जाणूनबुजून भरला गेला. यापुढे आत असेल तेच बाहेर लिहू. मूळच्या 'नजरचुकीनं'ऐवजी मी 'जाणूनबुजून' घातलं, बाकी पत्र जसंच्या तसं उतरवलं. दारूच्या जागी कापूस लिहिला नाही; या वेळी तो माल मीच होतो.

सहीसाठी नेलं तेव्हा मालकांनी मराठी मजकूर पूर्ण ऐकून घेतला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते हाताचं लिवलं का?"

"लिहिलं."

"राहू दे," ते म्हणाले. "येऊन तं गेला. बिचाऱ्यानं काई केलं नाई."