काकाची उंच झालेली व्हॅन

तुमच्या काकाने पाठवलेल्या फोटोखाली तुम्ही दोघांनी अंगठे पाठवलेत. धाकटीने तर आगीच्या ज्वाळाही. फोटोत आपली व्हॅन आहे, तिची नवी जाडजूड टायरं आहेत आणि एका टायरवर पाय ठेवून उभा असलेला, पन्नाशीला आलेला तुमचा काका आहे. तुमचे आजोबा त्या फोटोत नाहीत. ते का नाहीत, हे मी, तुमची आजी, लिहिते आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजोबांचा उजवा पाय जेमतेम दीड वीत उचलतो. व्हॅनची पायरी तेवढीच होती. रोज सकाळी सातला ते टोपी घालून, कोणाचाही हात न धरता तिच्यात चढत. शेतावर विहिरीजवळ तासभर बसत, तुरीकडे बघत आणि परत येत. दिवसभरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

पावसाळ्यात मात्र शेताकडे जाणाऱ्या पांदणीत चिखल होतो. त्यावर काकाने उपाय शोधला तो मोबाइलवर. तिथे दाढीवाले पुरुष डोंगरात जाऊन मुद्दाम नदीत गाडी घालतात. आपल्या पांदणीत नदी नाही. एक नाला आहे, तोही दिवाळीनंतर कोरडा. तरी काका व्हॅन घेऊन वाशीमला गेला. गाडी उंच करायला मागच्या कमानपट्ट्यांखाली लोखंडी ठोकळे, पुढच्या स्प्रिंगवर जाड चकत्या आणि खाली ट्रॅक्टरला लाजवतील अशी टायरं बसवून चार दिवसांनी आला.

गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक या घरात फक्त मी वाचलं आहे. टायरांचं माप बदलू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मी ते पान काढून काकासमोर धरलं.

"आई, ते कंपनीवाले लोकायले भेव दाखवायले लिहितात," तो म्हणाला. "बाबा, या बसा. आता पाऊस असो का गारा, तुमची व्हॅन फसत नाही."

आजोबांनी पाय उचलला. तो पायरीच्या कितीतरी खाली राहिला. त्यांनी पुन्हा उचलला. काकाने त्यांच्या काखेत हात घातले.

"सोड! मी काय सोयाबीनचं पोतं हाव?"

मग काकाने प्लास्टिकचं स्टूल आणलं. आजोबा स्टुलाकडे बघून म्हणाले, "आता एक फेटाही आण. नवरदेव घोड्यावर चढते." आणि घरात निघून गेले.

म्हणजे ज्यांच्यासाठी गाडी उंच केली, तेच तिच्यात चढू शकत नव्हते. ठोकळे मोजले, टायरं मोजली. बापाचा पाय किती उचलतो हे मोजायचं कोणाला सुचलं नाही. मी ठोकळे काढायला सांगितलं. काका म्हणाला, थोडी सवय होऊ दे. कोणाची सवय, हे त्याने सांगितलं नाही.

त्यानंतर आजोबा शेताचं नाव घेईनासे झाले. "आता काय पाहायचं हाये तिथं," म्हणायचे. पण सकाळी सातला टोपी घालून खुर्चीत बसलेले असायचे, आणि नऊला टोपी काढून खुंटीला लावायचे. असं तीन आठवडे मी बघितलं. मग शिवणाची टेप घेऊन मी आधी व्हॅनची पायरी मोजली आणि नंतर घरासमोरचा ओटा. दोन बोटांचा फरक निघाला. काकाला व्हॅन ओट्याला चिकटवून उभी करायला लावली. आजोबा घरातून ओट्यावर आले आणि सरळ आत जाऊन बसले. पलीकडे उतरायचं कसं, याचा विचार मात्र मीही केला नव्हता. मीही मागे बसले.

श्रावणाची भुरभुर होती. पांदणीच्या पहिल्याच वळणावर व्हॅन थांबली. आपली काळी माती चाकाला चिकटते, थरावर थर चढतो. पूर्वीच्या टायरावर मडगार्डपर्यंत हात जाईल एवढी जागा असे, तिथून ती गळून पडायची. नव्या टायरांनी ती जागाच खाल्ली होती. मातीने चाकं गच्च आवळली. काका खाली उतरून काठीने माती खरवडू लागला. पोटऱ्यांपर्यंत चिखल, मोबाइल शर्टाच्या खिशात. दाढीवाले त्याच्या मदतीला आले नाहीत. आजोबा वर बसलेले. शेत समोर दिसत होतं, पण त्यांना ना पुढे जाता येत होतं, ना उतरता.

मागून धुऱ्यापलीकडचा, बांधाला बांध असलेला शेतकरी बंडी घेऊन आला. लाकडी चाकांची जुनी बैलगाडी.

"काहून गा, विमान उतरलं काय पांदणीत?"

काका माती खरवडत राहिला. शेतकऱ्याने व्हॅनकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग आजोबांकडे. "बाबाजी, थांबा. सरकू नका." बैल मागे रेटून त्याने बंडी व्हॅनच्या दाराला लावली. बंडीची चाकं चाकोरीत खोल रुतलेली होती, त्यामुळे दोन्हींचे तळ एकसारखे आले. आजोबा उठले, पाय चार बोटं उचलला आणि बंडीत गेले. कोणी त्यांना हात लावला नाही. मागोमाग मीही बंडीत गेले.

इतकं सगळं करून काकाने व्हॅन आणली कुठे, तर बैलगाडीच्या उंचीला. फरक एवढाच की बैलगाडी पुढे गेली. तिच्या चाकांना मडगार्ड नसतं.

विहिरीजवळच्या मुरुमाच्या ढिगाला शेतकऱ्याने बंडी लावली. पोती चढवायला ती तिथेच लावतात. आजोबा ढिगावर उतरले आणि उतारावरून चालत तुरीत गेले. मी बंडीतून पाहत होते. त्यांनी एक शेंडा खुडला, टोपी मागे सारली आणि पांदणीत अडकलेल्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "कोळपणी कोणी केली ही? आंधळ्यानं?"

आता रोज सातला ती बंडी आपल्या ओट्याला लागते; ओट्यावरून पाय वीतभरच उचलावा लागतो. शेतकऱ्याची वाट तशीही दारावरूनच आहे. व्हॅन अंगणात उभी असते. तिच्याखाली सावली चांगली पडते, कोंबड्या तिथे बसतात. ठोकळे अजून काढलेले नाहीत. तुम्हाला तिचा फोटो आवडला, असं काका दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.