तळपायांवरचे डाग

माझा धाकटा दीर लाकडाला पॉलिश करतो. दारं, कपाटं, जिन्याचे कठडे, जे काम मिळेल ते. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून घरात सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणतात. आम्ही एकाच इमारतीत राहतो; मी खाली, तो आणि त्याची बायको वर. त्यामुळे वरून त्याचा आवाज येईनासा झाला, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी माझ्या ध्यानात आलं.

माझी जाऊ तेव्हा पोटुशी होती. पहिलंच बाळ. सुरुवातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, रक्तात काही दोष निघाला नव्हता, आणि आम्ही निर्धास्त होतो. त्यानंतर दीर कामासाठी परगावी जाऊन आला. तिथे एका नव्या हॉटेलच्या दारांना पॉलिश करायचं होतं. बरोबरचे कारागीर एकदा नको तिथे गेले आणि हाही त्यांच्यामागून गेला. घरी परतल्यावर काही दिवसांनी त्याला नाजूक जागी एक बारीक जखम दिसली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. त्याने नुसती पावडर लावली. जखम आपोआप भरली. सुटलो बाबा, असं त्याला वाटलं. हे सगळं मला मागाहून कळलं.

मग त्याच्या तळहातांवर तांबूस ठिपके उठले. कामावरचे मिस्त्री म्हणाले, “पॉलिशमधलं स्पिरिट बाधलंय. हातमोजे घाल, राजा.” जावेने औषधाच्या दुकानातून मलम आणलं. रोज संध्याकाळी ती त्याचे हात मांडीवर घेऊन मलम चोळत बसायची.

एका सकाळी बूट घालताना, मोजा चढवता चढवता त्याला स्वतःचा तळपाय दिसला. तिथेही तसेच डाग. पायाला कुठून लागणार पॉलिश? मोजा हातात धरून तो किती वेळ तसाच बसून होता कोण जाणे.

त्या दिवसापासून रेडिओ बंद. ताटातलं अन्न चिवडायचा. पाठ धरल्याचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत झोपायचा. जाऊ माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. “जाऊबाई, बाळ हलतंय म्हणून यांना हात लावून बघायला बोलावलं, तर चटका बसल्यासारखा हात मागे घेतला हो.”

दोन-तीन दिवसांत तो स्वतःच खाली आला. मी वाळलेले कपडे घडी करत होते.

“वहिनी, माझ्या एका मित्राला जरा त्रास होतोय…”

“कुठल्या मित्राला?”

“तुम्ही नाही ओळखत.”

“भाऊजी, तुमच्या मित्रांना चहा पाजून पाजून माझी पातेली झिजली. मी ओळखत नाही असा कोण आहे? बोला सरळ.”

तो हसला नाही. खाली बसला, बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल माझ्यासमोर धरलं. मग खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं. खिशात एक चिठोरं होतं. भिंतीवरच्या जाहिरातीतून कुणा वैदूचा पत्ता उतरवून घेतला होता त्याने. ‘नाव गुप्त, गुण हमखास.’

मला संताप आला होता. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तो गिळला. मी म्हटलं, “चपला घालते. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचं.”

दवाखान्यातली गुप्तरोगांच्या तपासणीची खोली एका लांब बोळाच्या टोकाला होती. दाराशी आल्यावर तो थबकला.

“कोणी ओळखीचं भेटलं तर?”

“तर सांगा, वहिनीचे गुडघे दाखवायला आलोय.”

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या होत्या. त्यांनी सगळं नीट विचारलं, पण भुवई म्हणून वर चढवली नाही. रक्त घेतलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. रक्त कधीच थांबलं होतं, तरी तो दंडावरचा कापूस गच्च दाबून बसला होता. मला हळूच म्हणाला, “वहिनी, तो मोठा आजार निघाला तर मी घरी येणार नाही.” मी त्याची बाही धरून ठेवली.

आत बोलावल्यावर बाई म्हणाल्या, “एचआयव्ही नाही. काही आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करू. पण हा सिफिलिस आहे, लोक गरमी म्हणतात तो. जखम भरली म्हणजे आजार गेला नव्हता, तो रक्तात पसरला. लवकर आलात हे बरं केलंत. इंजेक्शनने बरा होतो. घरी कोण कोण असतं?”

“बायको. पोटुशी आहे.”

बाईंचं लिहिणं थांबलं. “त्यांना उद्याच घेऊन या. हा आईकडून बाळाला लागतो. उपचार झाले नाहीत तर बाळ पोटातच दगावू शकतं.”

“पण तिचं रक्त तपासलंय! चांगलं होतं!”

“ते तुम्ही परगावी जायच्या आधीचं.”

त्याने हात जोडले. “बाई, गोळ्या द्या. ताकदीच्या आहेत सांगून देतो तिला. पाया पडतो तुमच्या.”

“नाही. गरोदरपणात यावर हेच इंजेक्शन लागतं. आणि शरीर त्यांचं आहे, आपल्याला काय टोचतायत हे त्यांना कळायलाच हवं. सांगायला जमत नसेल तर इथे आणा, मी जवळ बसते.”

पण त्याने त्याच संध्याकाळी घरीच सांगितलं. मी जिन्यात बसले होते. न जाणो, तिला भोवळबिवळ आली तर. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. पण तिचा फक्त एवढाच आवाज आला, “आणि बाळाला?” मग, “तू माझ्याकडून मलम चोळून घेत होतास.”

तोवर ती त्याला अहो-जाहो करायची.

ती उशी घेऊन खाली आली आणि माझ्याकडेच राहिली.

तिच्या रक्तातही आजार निघाला. दिराला आदल्या दिवशीच टोचलं होतं; आता तिलाही इंजेक्शन दिलं. ताप येऊ शकतो म्हणून बाईंनी तिला वॉर्डात ठेवून घेतलं. आणि ताप आलाच, चांगला फणफणून. पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. तिने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

“जाऊबाई, हलत नाहीये. बाळ हलत नाहीये!”

मी नर्सला हाका मारत सुटले. नर्सने येऊन पोटावर यंत्र टेकवलं. नुसती खरखर. तिने ते जरा सरकवलं. पुन्हा खरखर. देवाचं नावसुद्धा आठवेना. आणि मग आला, भराभर पडणारा बारीक ठोका. नर्स म्हणाली, “आहे हो, ठणठणीत आहे. ताप उतरला की पोटही सैल पडेल.” दीर दाराबाहेर उभा होता; जावेने त्याला आत येऊ दिलं नव्हतं. ठोका ऐकून तो भिंतीला टेकला आणि तिथेच फरशीवर बसला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. दिवस भरल्यावर मुलगी झाली, धडधाकट. तिचंही रक्त तपासलं, पुढे काही महिने पुन्हा पुन्हा तपासलं. प्रत्येक वेळी आमचा जीव टांगणीला. शेवटी बाई म्हणाल्या, “आता हिला घेऊन माझ्याकडे येऊ नका, लसीकरणाला जा.” दिराची एचआयव्हीची दुसरी तपासणीही चांगली आली.

मधल्या काळात दिराने आणखी एक काम केलं. बरोबर गेलेल्या कारागिरांना एकेक करून फोन लावले. एकाने आईबहिणीवरून शिव्या घातल्या. दुसरा गुपचूप तपासून आला. त्यालाही आजार निघाला आणि त्याच्या बायकोलाही. दोघांवर वेळेत उपचार झाले.

मुलगी रांगायला लागल्यावर जाऊ वर राहायला गेली. ती बाळंतपणाच्या सोयीसाठी खाली राहतेय असंच मी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं; यातलं त्यांना आजही काही ठाऊक नाही. मध्यंतरी न राहवून मी तिला विचारलं, “माफ केलंस का गं त्याला?”

ती लेकीचं झबलं धूत होती. म्हणाली, “एखाद्या दिवशी करते. एखाद्या दिवशी नाही होत.” झबलं पिळलं आणि वाळत घालायला वर निघून गेली.