साडेतीन विकलांची चूक

दुर्बीणकाकांच्या नाकावर कधी माशी बसली नाही. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली त्यांनी. एखादं गिऱ्हाईक म्हणालं की जरा इकडेतिकडे असलं तरी चालेल, तर यांच्या कपाळाला आठ्या. जरा म्हणजे किती, असं विचारून त्या बिचाऱ्याला भंडावून सोडायचे. शेवटी मालक त्यांना आतल्या खोलीतच बसवायचा, म्हणजे भिंगंही नीट आणि गिऱ्हाईकंही शाबूत.

अशा माणसाला छंद तरी कोणता लागावा? पृथ्वीच्या आसपास घुटमळणारे लघुग्रह, म्हणजे सरळ बोलायचं तर दगड, त्यांच्यावर पाळत ठेवण्याचा. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायचे. तारे जागच्या जागी राहतात आणि एक ठिपका तेवढा सरकतो. तो ताऱ्यांपासून नेमका किती अंतरावर आहे ते मोजायचं, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लिहायची आणि आकडे लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मुख्य कचेरीला पाठवायचे. जगभरातून असे आकडे तिथे जमतात आणि त्यावरून दगडाची वाट ठरते. काकांना हे करायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण एकोणीस वर्षं एक आकडा चुकला नव्हता आणि त्याचा त्यांना गर्व होता. तो ते लपवतही नसत.

या खेपेचा दगड नवा होता, महिन्याभरापूर्वीच सापडलेला, एखाद्या मोठ्या इमारतीएवढा. तो जवळ येत येत सूर्याच्या दिशेने चालला होता. आता फक्त सूर्य मावळल्यावर अर्धा तास दिसायचा, तोही क्षितिजाला टेकून. मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणी एवढ्या खाली वाकत नाहीत, काकांची वाकते. आणखी पाच संध्याकाळी, मग तो सूर्याच्या उजेडात बुडणार आणि सहा वर्षांनी परत येणार. तोवर वाट पक्की झाली नाही तर तो हरवलाच म्हणायचा. सहा वर्षांनी कुठून उगवेल, कुणाच्या किती जवळून जाईल, कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून कचेरीतल्या तपासनीस बाईंनी काकांना खास पत्र लिहून आकडे मागवले होते. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि काकूंना तीनदा वाचून दाखवलं.

आणि नेमके हेच आकडे चुकले. पहिल्या संध्याकाळचे दोन विकला बाजूला गेले, दुसऱ्या संध्याकाळचे अडीच, तिसऱ्या संध्याकाळचे साडेतीन. आता एक विकला, म्हणजे अंशाचे छत्तीसशे तुकडे केले तर त्यातला एक, ती केवढीशी? पंधरा मीटरवर धरलेला केस जेवढा जाड दिसेल तेवढी. तुमचं आमचं काय अडलंय तिच्याशिवाय! पण बाईंनी तिन्ही दिवसांचे आकडे नम्रपणे परत पाठवले आणि काकांची झोप उडाली.

अशा वेळी पहिला संशय घड्याळावर. काकांनी घड्याळ तपासलं, बिनचूक निघालं. कॅमेरा सोडला, पुसला, जोडला. दुर्बिणीच्या तिपाईचे स्क्रू आवळले. अंगणाची फरशी खचली की काय म्हणून गुडघ्यांवर बसून तीही चाचपून पाहिली. काकूंनी चहा आणून दिला तर त्यांच्यावरच खेकसले, की मी मोजत असताना अंगणात चालू नकोस, फरशी हादरते. काकू बिचाऱ्या काठी टेकत चालणाऱ्या; त्यांच्या चालण्याने काय हादरणार कपाळ? त्या चहा तिथेच ठेवून आत गेल्या. काकांना नंतर वाईट वाटलं. ते सांगायला मात्र जीभ रेटली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मेलवर बाईंचं पत्र आलं. काकांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचायला घेतलं, नेहमीच्या सवयीने. बाईंनी लिहिलं होतं, की तुमची चूक रोज एकाच बाजूला जाते आणि दगड जवळ येतो तशी वाढते. लांबची वस्तू कुठूनही पाहिली तरी तिथेच दिसते. जवळची मात्र, पाहणारा जिथे उभा आहे त्याप्रमाणे सरकते. तुमचे आकडे चांगले आहेत असं मला वाटतं. रागावू नका, पण तुम्ही नक्की कुठे उभे आहात?

काकांनी वाचणं सोडून कालची फाइल उघडली.

झालं होतं ते असं. आकड्यांच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर मोजणाऱ्याची जागा लिहावी लागते: कचेरीने त्या जागेला दिलेला क्रमांक, अक्षांश, रेखांश, उंची. काका रोज कालचीच फाइल उघडत, खालचे आकडे बदलत, डोकं तसंच ठेवत. त्यात जुन्या घराची गच्ची होती. चौथ्या मजल्यावरची, बिनलिफ्टची. सात महिन्यांपूर्वी काकूंच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले आणि दोघं चौदा किलोमीटरवरच्या या तळमजल्यावर राहायला आली. जागा बदलली की कचेरीला कळवून नवा क्रमांक घ्यायचा, हा नियम काकांना पाठ होता. घेऊ की, घाई काय आहे, असं करत त्यांनी सात महिने काढले. लांबचे दगड मोजले, काही बिघडलं नाही. आणि केसाचीही गय न करणाऱ्या या माणसाने चौदा किलोमीटर पदराआड झाकून ठेवले.

विसरले होते का? छे. खरं सांगायचं तर त्या गच्चीचा क्रमांक सोडवत नव्हता त्यांना. इथे येऊन दुर्बीण मांडली, पुस्तकं लावली, पण मन वर चौथ्या मजल्यावरच होतं. काकूंना हे कळू नये म्हणून ते रोज हसतमुखाने अंगणाचं कौतुक करायचे.

फाइलीवर अजून जुन्याच गच्चीची जागा आहे, एवढं काकांनी सांगितलं, तशा काकू भाजी चिरायची थांबल्या.

"अहो, तुम्हाला इथे करमत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दगडाला कळलं. मला नाही कळू दिलंत."

"अगं, तसं नाही—"

"माझ्या गुडघ्यांपायी आणलं मी तुम्हाला इथे. तोंडाने सांगितलं असतंत तर दोघांनी मिळून हळहळलो असतो."

काकांना लाज वाटली. आकड्यांची वाटली त्याहून जास्त हिची वाटली. सात महिने ती एकटीच या घरात राहत होती आणि ते रोज तिच्या शेजारी बसून जेवत होते.

ते अंगणात गेले. नकाशावर घराचा कोपरा सापडला, पण तिथून दुर्बिणीपर्यंत मोजायला एक माणूस टेपचं टोक धरायला लागतो, म्हणून काकू खुर्ची घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या टोक धरून राहिल्या. अक्षांश, रेखांश, फरशीची उंची, सगळं तीन तीनदा मोजलं. काकांनी बाईंना सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं. या जागेवर कधीपासून, या रकान्यात सात महिन्यांपूर्वीची तारीख घातली. मग तिन्ही दिवसांच्या फायली नवं डोकं लावून पुन्हा पाठवल्या. त्या संध्याकाळी आणि पुढच्या संध्याकाळीही दगड छतांच्या रेषेवर सापडला. ते आकडेही गेले.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. या वेळी पत्र काकूंनी वाचलं. पाचही दिवसांचे आकडे पाव विकलेच्या आत बसले होते. दगडाची वाट पक्की झाली होती. सहा वर्षांनी तो कुठे शोधायचा ते आता ठाऊक होतं. खाली बाईंनी आपली म्हणून एक ओळ जोडली होती, की तुमच्या आकड्यांवरून मी उलट हिशेब करून पाहिला, तुम्ही अगदी त्या अंगणातच आहात.

काकूंनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. मग चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"आलात म्हणायचं एकदाचे."

"आलो," काका म्हणाले.