पिकल्या फळाचा अर्थ

वडील दर गुरुवारी संध्याकाळी पोथी वाचायचे. सिकंदराबादच्या आमच्या दोन खोल्यांत ओळखीची मराठी मंडळी दाटीवाटीनं बसायची. शेजारी पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेला एक तरुण राहायचा. तोही यायचा, थोडा पोथीसाठी, बराचसा आईच्या वरणभातासाठी.

एका गुरुवारी ओवी निघाली, तिचा अर्थ असा: पिकलेलं फळ देठापासून आपोआप सुटतं, तसा ज्ञानी माणूस संसारातून सुटतो. तरुण खुलला.

"काका, हे तर नोकरी बदलण्याबद्दलच आहे! एका जागी बसलं की माणूस सडतो."

वडिलांची उमेदीची सगळी वर्षं एका सरकारी कारखान्यात गेलेली. ते म्हणाले, "तुम्हा पोरांना सगळीकडे पगारच दिसतो. फळ काय स्वतः उडी मारतं? देठ धरून राहायचं, हा उपदेश आहे." मग निष्ठेवर इतकं बोलले की भात गार झाला.

काही दिवसांनी कारखान्यात नवा साहेब आला आणि नोटीस लागली. ज्यांना हवी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. पुढच्या गुरुवारी त्यांनी चालू अध्याय बाजूला ठेवून तीच ओवी पुन्हा काढली.

"सुटण्यातच शहाणपण आहे बघा. चिकटून राहतं ते कच्चं फळ."

तरुणानं माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहत राहिले.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "नव्या साहेबाला कंटाळलाव, तर सांगा की सरळ. देवाला कामून मधात घालायलाव?"

"तुला अध्यात्म कळत नाही."

"नवरा कळतो," आई म्हणाली आणि ताटं मांडायला गेली.

वडिलांनी निवृत्ती घेतली आणि स्टेशनजवळ एसटीडी बूथ टाकला. तिथं ते खरंच रमले. दिवसभर माणसं, गप्पा, आणि कुणाची चाकरी नाही. तरुण यथावकाश अमेरिकेला गेला. तिथून अधूनमधून बूथवर फोन करायचा. एकदा मी तिथं बसले असताना त्यानं विचारलं, इथं अमेरिकेत घर घेऊ का, पोथी काय म्हणते?

वडिलांनी डोळे मिटून आठवलं. देह ही भाड्याची खोली आहे, मोह धरू नये, असा एक अध्याय होता. मला वाटलं, बिचाऱ्याचं घर गेलं.

"घे," वडील फोनमध्ये ओरडले. "देहच भाड्याचा आहे म्हणतात. निदान घर तरी स्वतःचं असू दे!"

त्यानं घेतलं. वास्तुशांतीचे फोटोही पाठवले.